निनावेजींचा कान

निनावेजी कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय विकत घेत नसत. माठ आणि नारळ सगळेच वाजवून घेतात. निनावेजी कपबशा वाजवत, विटा वाजवत, लाकडी पाट वाजवत. एकदा जबलपूरच्या कमानिया गेटजवळच्या भांड्यांच्या दुकानात त्यांनी पितळी गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, ओळीने वाजवायला घेतले. मी आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पिशव्या धरून उभे. दहाबारा गुंड झाल्यावर दुकानदार म्हणाला, "दादा, बर्तन लेना है कि आरती करनी है?" निनावेजींनी आणखी दोन वाजवले, एक बाजूला काढला आणि निघताना शांतपणे सांगितलं की दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या गुंडाचा सांधा कच्चा आहे, तो कुणाला विकू नका. दुकानदार हसला. पण पुढच्या महिन्यात आम्ही तिथून जात असताना त्यानेच हाक मारून आत बसवलं आणि नवा आलेला सगळा माल निनावेजींपुढे मांडला. वहिनी मला म्हणाल्या, "घ्या, इथं पण ड्यूटी लागली."

त्यांचं नाव गणपतराव निनावे. मूळचे भंडाऱ्याकडचे, विणकरांच्या घरातले. त्यांचे वडील म्हणे मागाच्या खटखटीवरूनच धागा तुटल्याचं ओळखत, मान वर न करता. जर्मनी-जपानच्या मोठ्या लढाईत जबलपूरच्या लष्करी फॅक्टऱ्यांना माणसं कमी पडायला लागली तेव्हा निनावेजी इकडे आले. मजूर म्हणून लागले, घणाच्या शेडमध्ये बरीच वर्षं काढली, आणि त्यांचा कान कुणा साहेबाच्या लक्षात आल्यावर तपासणीत आले. मी चीनच्या लढाईनंतरच्या भरतीत लागलो आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर येऊन पडलो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, ते पंचावन्नच्या घरात.

माझं काम डोळ्याचं. गेज लावायचं, माप पाहायचं. त्यांचं कानाचं. तोफगाडीचा ओतून आलेला पोलादी ब्रॅकेट किंवा चाकाचा हब दोरीच्या फासात लटकवायचा, डाव्या हाताची दोन बोटं दोरीवर ठेवायची आणि उजव्या हाताने लहानशी हातोडी हळूच मारायची. धड तुकडा देवळातल्या घंटेसारखा बराच वेळ गुणगुणत राहतो. आत केसाएवढी भेग असली तर आवाज मध्येच बसतो. मला सगळे सारखेच वाटत. निनावेजी डोळे मिटून ऐकत, आणि तुकडा उजवीकडे किंवा डावीकडे जाई. डावीकडे गेलेला तुकडा फोडून पाहिला तर भेग सापडायचीच. फोरमन घाई करायला आला की ते एवढंच विचारत, "जल्दी किसको है, साहब? तोप को या आपको?"

स्वतःच्या कानाला ते फार जपत. घणाच्या शेडवरून रोज जावं लागे, तेव्हा दोन्ही तळहात कानांवर दाबून चालत. पोरंटोरं हसायची. तेलाचा बोळा, थंडीत मफलर, सर्दी झाली की ओव्याचा शेक. वहिनी म्हणायच्या, लग्नात माझ्या वडिलांनी यांना घड्याळ दिलं, ते कधी घालत नाहीत, कानाची मात्र रोज पूजा.

आमच्या शेडच्या मागे एक जुनं शिरीषाचं झाड होतं. जेवणाच्या सुटीत सगळे कँटीनकडे पळत, निनावेजी डबा घेऊन त्या झाडाखाली बसत, आणि काही दिवसांनी मीही बसू लागलो. एप्रिल संपत आला की त्या झाडातून असा कर्कश आवाज सुरू व्हायचा, जशी कुणी पत्र्यावर करवत धरून ठेवली आहे. एक सुरू झाला की दुसरा, मग सगळं झाड. लोक त्याला झिंगूर म्हणून शिव्या घालत. निनावेजींना ते खपत नसे. झिंगूर म्हणजे आपला रातकिडा; तो रात्रीचा, जमिनीवरचा, पंखावर पंख घासून वाजवणारा. हा दिवसाचा, झाडावरचा, आणि याचं वाद्यच वेगळं. याला आपल्यात काय म्हणतात ते त्यांनी भंडाऱ्याच्या म्हाताऱ्यांनाही विचारलं होतं, पण ठाम कुणी सांगेना. शेवटी एका कॉलेजातल्या मराठी प्रोफेसरांनी त्यांना शब्द दिला, सिकाडा. निनावेजी तो शब्द जपून वापरत, परक्याच्या छत्रीसारखा. एरवी 'आपला किडा' म्हणत. "निनाव्याला किडा पण बिननावाचाच भेटला," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही नव्हतं. जे काही शिकले ते झाडाखाली बसून. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी खोडावरून एक किडा अलगद चिमटीत धरून माझ्यासमोर आणला. अंगठ्याएवढा, चपट्या कपाळाचा, काचेसारख्या पंखांचा. दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना, आणि मध्ये कपाळावर तीन बारीक लाल मणी, तेही डोळेच. तो त्यांच्या बोटांत ओरडत होता आणि मी मान मागे घेत होतो. त्यांनी त्याला उलटा करून पोटाखालच्या दोन पाळ्या दाखवल्या आणि सांगितलं की हा नर, मादी ओरडत नाही. मग बाजूला, पोटाच्या कडेला, एक पन्हळीसारखा पातळ पडदा दाखवला. त्यांनी खिशातली चुन्याची डबी काढून तिचं झाकण अंगठ्याने दाबलं. टक. सोडलं. टक.

"हेच आहे बापा याच्याजवळ," ते म्हणाले. "आतून एक स्नायू झाकण ओढते, सोडते. इतक्या जलदीनं का टकटक मोजताच येत नाही. आणि पोट अख्खं पोकळ. पखवाज घेऊन जन्माला येते हा."

हा एवढा ओरडा कशाला, असं मी विचारलं. लग्नासाठी, ते म्हणाले. वेळ थोडा असतो. पंख फुटल्यावर दोनचार आठवडेच हातात. मादी बारीक फांदीला चीर पाडून तिच्यात अंडी घालते. पिल्लू निघतं मुंगीएवढं, ते खाली पडतं आणि जमिनीत शिरतं. पुढचे पाय खेकड्यासारखे, खणायला. मुळाला सोंड लावून रस पितं, आणि असं वर्षानुवर्षं अंधारात बसतं. किती वर्षं, ते मी विचारलं. निनावेजींनी हात उडवला. प्रोफेसरांनी म्हणे सांगितलं होतं की अमेरिकेत एक जात सतरा वर्षांनी वर येते. आपल्या झाडाखालच्याचं कुणी मोजलं नाही. "मी लागलो तेव्हा खाली गेलेला एखादा अजून खालीच असंल," असं म्हणून त्यांनी किडा सोडून दिला.

त्याच उन्हाळ्यात क्वार्टरमध्ये एक गडबड उडाली. चीनच्या लढाईचा धसका लोकांच्या मनातून गेला नव्हता. फॅक्टरीच्या गावात राहणाऱ्यांना तर नेहमीच वाटे की कुणाचा डोळा असलाच तर तो आपल्यावर. नळाजवळ एक मोठं झाड होतं, आणि एका दुपारी पाणी भरणाऱ्या बायकांच्या अंगावर लख्ख उन्हात बारीक शिंतोडे पडले. आभाळात ढगाचा ठिपका नाही. कुणीतरी म्हणालं, विमानातून काहीतरी फवारलंय. झालं. घडे पालथे झाले, पोरं घरात कोंडली गेली, एकीला चक्कर आली. आम्ही ड्यूटीवरून परत आलो तेव्हा नळाभोवती पन्नासेक माणसं लांब वर्तुळ करून उभी होती आणि पोलिसांना बोलवायचं की दवाखान्यात कळवायचं यावर वाद चालला होता.

निनावेजी सायकल माझ्या हातात देऊन सरळ झाडाखाली गेले. तळहात पसरून उभे राहिले. वर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग तळहातावरचा एक थेंब त्यांनी जिभेला लावला. वहिनी गर्दीत होत्या. त्यांनी मोठ्याने त्यांचं नाव घेतलं, जे त्या काळात बायका घेत नसत.

"पानी है," निनावेजी सगळ्यांना म्हणाले. "कीड़ा दिन भर पेड़ का रस पीता है। पिएगा तो मूतेगा भी।"

 मग एक म्हातारी हसायला लागली आणि ते हसू वर्तुळभर फिरलं. चक्कर आलेली बाई उठून बसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी निनावेजींना तीन वेळा मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी मला किड्याचा जन्म दाखवला. पहाटे दार वाजलं. बाहेर निनावेजी, हातात कंदील, डोक्याला मफलर. त्यांच्या अंगणातल्या आंब्याच्या बुंध्यावर मातीने माखलेलं एक पिल्लू चढून नखं रोवून बसलं होतं. आम्ही पाहत असताना त्याची पाठ मधोमध उलली. आतून पांढरट-हिरवं, मऊ, ओलं काहीतरी मागे कलत बाहेर आलं. पंख नुसते चुरगळलेले, दोन बोळे. ते हळूहळू भरत गेले, सरळ झाले, कागदासारखे. आम्ही दोघं उकिडवे बसलेलो. उजाडलं, रंग गडद व्हायला लागला, मागे खोडावर रिकामी कात तशीच नखं रोवून राहिली. वहिनी दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोनदा उचलून नेला. फॅक्टरीचा भोंगा झाला तेव्हा निनावेजी म्हणाले, "जरा थांब, वाळू दे त्याला."

त्यांच्या सगळ्या नोकरीत तो पहिला लेट मार्क होता. फोरमनने कारण विचारलं. निनावेजींना खोटं बोलता येत नसे. "घर में जन्म हुआ, साहब," ते म्हणाले. फोरमन उभा राहिला, त्याने हात मिळवला आणि विचारलं, लड़का कि लड़की. निनावेजींनी पाळ्या पाहिल्या होत्या. लड़का, ते म्हणाले. दुपारपर्यंत सगळ्या शेडमध्ये झालं की निनावेजींच्या भंडाऱ्याच्या लेकीला मुलगा झाला. नाही म्हणायची सोय राहिली नाही. संध्याकाळी त्यांनी खोव्याची जलेबी आणली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटली. खरी नात पुढच्या थंडीत झाली, तेव्हा फोरमन म्हणाला, एका वर्षात दोन, कमाल आहे.

आता पासष्टचा उन्हाळा. कच्छच्या सीमेवर चकमकी झाल्या होत्या आणि फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला होता. अंधारात जायचं, अंधारात यायचं. शेडचा पत्रा तापून वास येई. तुकड्यांचे ढीग वाढत होते, आणि निनावेजींची हातोडी दिवसभर चालू. तेव्हा मला जाणवल्या पण मी जोडून पाहिल्या नाहीत अशा दोनचार गोष्टी होत्या. माझ्या सायकलची घंटी त्यांना मागून ऐकू आली नव्हती. वहिनी आतून बोलल्या की ते उठून दारात जात आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत. मी समजलो, थकलेत.

मे महिना अर्धा झाला होता. आम्ही शिरीषाखाली डबे उघडले. ते बराच वेळ खोडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "वसंता, यंदा काही रोग पडला काय रे किड्यायवर? काती तर दिसून राहिल्या, पण एक पण ओरडत नाही. असं काहून?"

मला वाटलं मस्करी करताहेत. झाडावर इतका कल्ला चालला होता की मी त्यांच्याशी जवळजवळ ओरडूनच बोलत होतो. मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी जवळ सरकून म्हणालो, "निनावेजी, ते ओरडून राहिले आहेत. आठ दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर. डबा खाली ठेवून ते उठले आणि हात पोचेल अशा जागेवरचा एक किडा त्यांनी धरला. त्याचं पोट थरथरत होतं. त्यांनी तो आधी माझ्या कानाजवळ आणला. मी झटकन मान बाजूला केली. मग त्यांनी तो स्वतःच्या उजव्या कानाला लावला. मग डाव्या. पुष्कळ वेळ. मी त्यांचा चेहरा पाहू शकलो नाही, मी डब्यातल्या पोळीकडे पाहत बसलो.

"नुसती हवा हालते," ते म्हणाले, आणि किडा परत होता त्या जागी ठेवला.

सुटी संपल्याचा भोंगा झाला. तो त्यांना ऐकू आला. जाड आवाज सगळे ऐकू येत होते. टेबलापाशी आल्यावर त्यांनी हातोडी उचलली नाही. दोरीत सकाळचा एक हब लटकत होता, तो त्यांनी काढून ठेवला, कोट घातला आणि चटर्जीसाहेबांच्या खोलीकडे निघाले. चटर्जीसाहेब आमच्या तपासणी विभागाचे मुख्य. मी त्यांच्या मागे धावलो. वाटेत मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. रिटायरला दोन वर्षं राहिलीत, आधी गुपचूप बाहेरच्या डॉक्टरला दाखवू, कुणाला कळायचं कारण नाही, आजपासून तुमचे तुकडे मी बघतो असं काहीतरी करू.

ते थांबले. रागावले नाहीत. "एखादा ब्रॅकेट कोणाच्या तरी हाताखाली तुटंल ना बापा," ते म्हणाले. "तो माणूस मले ओळखत पण नाही."

खोलीत मीही उभा होतो, म्हणून पुढचं मला शब्दशः आठवतं. निनावेजी म्हणाले, "साहब, मेरा कान गया है। कब गया, मालूम नहीं। पिछली बरसात में था। उसके बाद का मेरा पास किया हुआ सारा माल रोक दीजिए।"

चटर्जीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मला दार लावायला सांगितलं. "आपको पता है, ऊपर से रोज़ फ़ोन आ रहा है?"

"इसीलिए आया हूँ।"

 कान गेल्याचं कसं कळलं, असं साहेबांनी विचारलं, आणि निनावेजींनी किड्याचं सांगितलं, की तो गेल्या पावसाळ्यापर्यंत ऐकू येत होता, आता येत नाही. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हा माणूस ठीक आहे ना, अशा नजरेने. मी मान हलवली. मग त्यांनी फोन उचलला.

माल थांबला. गेल्या पावसाळ्यानंतर निनावेजींनी पास केलेले जितके तुकडे गोदामात होते, आणि तोफगाड्यांना जोडून झालेले पण फॅक्टरीबाहेर न पडलेले जितके उतरवता येत होते, ते सगळे पुन्हा तपासायचं ठरलं, आणि ते कानाने नव्हे. बाहेर गेलेल्या मालाचं काय करायचं ते यातून काय निघतं त्यावर ठरणार होतं. रीत जुनी आणि सोपी होती. तुकडा घासलेटात बुडवून ठेवायचा, काढून कोरडा पुसायचा आणि वरून खडूचा पातळ लेप द्यायचा. कुठे भेग असेल तर तिच्यात शिरलेलं तेल परत झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. वेळखाऊ काम, म्हणून एरवी थोड्याच तुकड्यांचं करत.

आठ दिवस लागले. आम्ही सहाजण होतो. निनावेजींनी लेप द्यायचं काम मागून घेतलं. सकाळपासून ते ब्रश घेऊन बसत, हात कोपरापर्यंत पांढरे, आणि दुसऱ्या टोकाला रेघ पाहायला ते कधी आले नाहीत. डबा तसाच परत नेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी आमच्या घरी आल्या. त्या कधी एकट्या येत नसत. त्यांनी मला विचारलं, नोकरी जाईल काय. मी म्हणालो, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "नोकरी गेली तर जाऊ द्या. हे झोपत नाहीत हो. बसून राहतात. कोणा पोराचं नाव घेऊन बोलून राहिले होते काल, आपल्यात तर तसं कोणी नाही." ब्रॅकेट ज्याच्या हाताखाली तुटेल त्या अनोळखी शिपायाला निनावेजींनी नाव दिलं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

पाचव्या दिवशी एका हबवर रेघ आली. स्पष्ट, बोटभर लांब. माझ्या शेजारच्या माणसाने तो हब वर उचलला आणि शेडमधले हात थांबले. निनावेजींना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचा ब्रशही थांबला. चटर्जीसाहेब आले. त्यांनी कानस मागवली आणि स्वतः रेघेवर फिरवली. चार हात मारल्यावर खाली चकचकीत, अखंड पोलाद लागलं. वरवरचा ओरखडा होता, त्यात तेल साचलं होतं. तरी पुन्हा बुडवला, पुन्हा पुसला, पुन्हा लेप दिला. आम्ही सगळे त्या पांढऱ्या हबभोवती उभे. तो पांढराच राहिला.

आठव्या दिवशी दुपारी शेवटचा तुकडा झाला. चटर्जीसाहेब निनावेजींसमोर आले, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "एक भी नहीं, निनावे।"

निनावेजींनी विचारलं, फिर से देखें? साहेब म्हणाले, नहीं. मग निनावेजी मागे असलेल्या खोक्यावर बसले. पाणी मागितलं. दोन गिलास प्याले. आणि नंतर आपला डबा उघडून, पांढऱ्याच हातांनी, दुपारच्या गार पोळ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या. मीही खोक्यावर बसलो.  फोरमन, जो आठ दिवस कुणाशी सरळ बोलला नव्हता, सगळ्यांसाठी चहा घेऊन आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सगळं उलगडून सांगितलं. घणाच्या शेडमधल्या वर्षांनी कान आतून झिजत गेले होते. नंतर तळहात लावून काही उपयोग नव्हता. असा कान वरच्या सुरांपासून झिजतो. आधी सगळ्यात बारीक, उंच सूर जातात, किड्याचे, घंटीचे. जाड सूर मागाहून. लोखंड किड्यापेक्षा पुष्कळ खालच्या सुरात बोलतं, आणि तिथपर्यंत झीज पोचली नव्हती. निनावेजींनी ते ऐकून घेतलं. मला बाहेर आल्यावर म्हणाले, डॉक्टरचं बरोबर असेल, पण अर्धं काम या दोन बोटांनी केलं असेल, दोरी पण बोलते.

चटर्जीसाहेब त्यांना परत हातोडी द्यायला तयार होते. निनावेजींनी घेतली नाही. खालचे सूर आज आहेत, उद्याची हमी कोण देणार, एवढंच ते म्हणाले. त्यांनी खडूचं टेबल मागितलं आणि साहेबांनी ते कायमचं सुरू केलं. सप्टेंबरात लढाई खरोखरच लागली तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यांना काळे कागद होते, फॅक्टरी तिन्ही पाळ्यांत चालत होती आणि निनावेजी ब्रश घेऊन बसलेले असत. त्या दिवसांत मी त्यांना झोपाळलेलं पाहिलं, पण काळजीत पाहिलं नाही. रोज डबा रिकामा होत होता. वहिनींनी मला तसं मुद्दाम सांगितलं.

किडे त्यांनी सोडले नाहीत. खोडावरच्या काती गोळा करून कापसात ठेवत. प्रोफेसरांकडे जाणंही चालू होतं. एकदा ते तिथून परतताना सरळ माझ्या घरी आले, बूटही न काढता. प्रोफेसरांनी पुस्तकात वाचून सांगितलं होतं की नर ओरडायला लागला की स्वतःच्या कानाचा पडदा ढिला करून ठेवतो, नाहीतर आपल्याच आवाजाने बहिरा व्हायचा. निनावेजींना हे इतकं आवडलं होतं की माझ्या बायकोला, शेजारच्या मद्रासी कुटुंबाला, सगळ्यांना पुन्हा सांगून झालं. "पाहा," ते म्हणत, "त्याले अक्कल आहे. आमच्या घणाच्या शेडमध्ये कोणालेच नव्हती."

सदुसष्टच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि भंडाऱ्याला लेकीकडे जायचं ठरलं. सामान छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीने पुढे गेलं होतं. निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही त्यांना रात्री जेवायला बोलावणार होतो, म्हणून मी सकाळीच क्वार्टरवर गेलो तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, दोघं मदन महलच्या टेकडीवर गेलेत. मीही सायकल काढली.

अर्ध्या चढावर, किल्ल्याच्या अलीकडे, मोठमोठ्या काळ्या शिळा आहेत. त्यांच्यातल्या झुडपांतून आणि झाडांतून किड्यांचा आवाज नुसता कोसळत होता. दोघं एका शिळेच्या सावलीत बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारणार होतो, पण मग मला दिसलं की वहिनींचा उजवा हात हवेत आहे. आवाज चढला की हात वर जात होता, खांद्याच्याही वर, आणि बोटं थरथरत होती. आवाज उतरला की हात सावकाश खाली येत होता. डावीकडच्या झाडातून दुसरे किडे सुरू झाले तेव्हा त्यांनी डावा हातही उचलला. निनावेजी त्या हातांकडे पाहत होते, मान थोडी कलती, तुकडा दोरीत लटकवल्यावर असायची तशी.

मी तिथेच सायकल धरून उभा राहिलो. जेवणाचं संध्याकाळीही सांगता आलं असतं. एकाएकी सगळी टेकडी गप्प झाली, जसे हे किडे कधी कधी एकदम गप्प होतात. वहिनींचे दोन्ही हात खाली आले आणि मांडीवर टेकले. निनावेजी वाट पाहत राहिले. मग खालच्या अंगाला कुठेतरी एकट्याने सुरुवात केली, आणि वहिनींनी एक बोट उचललं.